अब्बांचं टेबल

अब्बांच्या माघारी आम्हा चौघा भावंडांत एकदाच वाद झाला. तो घरावरून नव्हता, पैशावरूनही नव्हता. एका टेबलावरून झाला. घर विकलं तेव्हा शरीयतप्रमाणे सहा वाटे झाले, दोघा भावांचे दोन-दोन आणि दोघी बहिणींचा एकेक. कुणी हूं की चूं केलं नाही. टेबलाचे सहा वाटे मात्र होत नव्हते, त्याला पाय चारच होते.

टेबल शिसवी होतं. साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, एक ड्रॉवर, चार निमुळते पाय आणि प्रत्येक पायावर वरून खालपर्यंत कोरलेल्या उभ्या पन्हळी. रंग काळपट जांभळा. दिवाळीच्या सुट्टीत अब्बा त्यावर खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचे तेव्हा आतल्या काळ्या रेषा पाण्यासारख्या वाहताना दिसायच्या. कोल्हापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते शोभत नव्हतं. मास्तरच्या घरात असं टेबल कुठून आलं, असं पाहुणे विचारायचे. अब्बा ठरलेलं उत्तर द्यायचे, "एका वकिलाच्या घरचं आहे, जुनं."

आम्ही चौघं त्याच टेबलावर शिकलो. थोरली आपा खुर्चीवर, भाई समोर, आम्ही धाकटी दोघं खाली, पायांच्या मधे पाटी घेऊन. त्यावर वही टेकवून लिहिलं तर चालायचं, पण पाण्याचा पेला ठेवला की अब्बांचा आवाज चढायचा. एरवी ते शांत होते. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. टेबलाचा एक कोपरा कायम भिंतीला लागलेला असायचा. घराला चुना दिला, टेबल हललं, की परत लावताना अब्बा स्वतः उभे राहून सांगायचे, "हां, तो कोपरा आत."

अब्बा 2017 साली गेले. अम्मी आधीच गेली होती. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचा महापूर आला आणि घरात छातीइतकं पाणी शिरलं. ते ओसरायला दिवस लागले. आम्ही मुंबईहून पोचलो तेव्हा भिंतींवर चिखलाची रेघ होती आणि भाईने हौसेने करून घेतलेलं प्लायवूडचं कपाट पावासारखं फुगून उकललं होतं. सनमायका एकीकडे, भुसा दुसरीकडे. ते फावड्याने भरून बाहेर टाकलं. टेबल चिखलात एका बाजूला कललेलं होतं. उचलायला गेलो तर पाय हातात आला, मग दुसरा. फळी थोडी वाकली होती. लाकूड मात्र कुठेच कुजलं नव्हतं.

तिथेच वाद पेटला. भाई म्हणाला, विकून टाकू. त्याने मुंबईत चोरबाजारातल्या एका जुन्या फर्निचरवाल्याला मोबाइलवर फोटो पाठवले होते, आणि त्या दुकानदाराने "रोझवूड, अंग्रेजों के टाइम का" म्हणत बरा भाव सांगितला होता. आपा रडायला लागली. धाकटी म्हणाली, आपल्या कुणाच्याच घरात जागा नाही हे खरं आहे ना, मग रडायचं कशाला? बोलता बोलता कुणी कुणाची किती सेवा केली इथपर्यंत गोष्ट गेली. त्या शब्दांची आज लाज वाटते. शेवटी ठरलं, आधी दुरुस्त करू, मग बघू.

दुरुस्त करायला कुणी तयार होईना. कोल्हापुरातल्या दोन सुतारांनी पाहिलं आणि सांगितलं, याच्या निम्म्या पैशात नवं करून देतो. यात त्यांचा दोष नाही. आज सुताराकडे जे काम येतं ते प्लाय कापायचं, सनमायका चिकटवायची, स्क्रू मारायचे. ग्राहकाला आठ दिवसांत मॉड्युलर किचन हवं असतं. खाच पाडून त्यात कूस बसवायचं काम कुणी मागतच नाही, तर हात कुठून राहणार? टेबल सुटं करून टेम्पोने मुंबईला आणलं. ओशिवरा-जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारामागे गल्ल्यांतून पत्र्याचे कारखाने आहेत. तिथे सहारनपूरचे एक कारागीर भाईच्या ओळखीचे निघाले. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, भुशाने पांढऱ्या झालेल्या पापण्या. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

उस्तादांनी पाय उचलला, नखाने खरवडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "ये हमारा वाला शीशम नहीं है. ये तो दख्खन का काला है."

तोवर शिसव आणि शीशम यांतला फरक आम्हाला माहीत नव्हता. दोन्ही एकाच कुळातली झाडं, भावंडंच म्हणा. उत्तरेकडचा शीशम तपकिरी असतो, कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेने लावला जातो आणि लवकर वाढतो. आपला शिसव सह्याद्रीच्या आणि मलबारच्या जंगलातला, संथ वाढणारा, जड आणि काळा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत इंग्रज आणि पारशी घरांसाठी याच काळ्या लाकडाची कोरीव टेबलं, खुर्च्या, कोच घडत. 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणून ते काम विलायतेपर्यंत गेलं, आणि आज संग्रहालयांत आणि लिलावांत त्याला मोठा मान आहे. कुठल्या शैलीचं, कुठल्या दशकातलं, कुणाच्या बंगल्यातलं, हे सगळं पाटीवर असतं. करणाऱ्याच्या नावाची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. 2023 साली नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं तेव्हा सागवान नागपूरचं आणि फर्निचर मुंबईत घडवलेलं, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. कुणी घडवलं, एवढं सोडून सगळं आलं होतं.

सहारनपूरमध्ये खाताखेडी नावाचा मोहल्ला आहे. उस्ताद तिथले. त्या भागात गल्लीगल्लीतून लाकूड कोरण्याचं काम चालतं आणि करणारे बहुतेक मुसलमान. एकाच टेबलामागे अनेक हात असतात. कापणारा वेगळा, कोरणारा वेगळा, पितळेची तार आणि पत्रा ठोकून बसवणारा वेगळा. घासायचं आणि पॉलिशचं काम पुष्कळदा घरातल्या बायका-मुली करतात. अष्टकोनी, घडीचे पाय असलेली, वर द्राक्षवेल कोरलेली छोटी टेबलं तिथून जगभर जातात. उस्ताद वयाच्या नवव्या वर्षापासून पटाशी धरत होते. म्हणाले, "मेरा बनाया टेबल अमरीका में है, मैं जोगेश्वरी में हूँ."

ते मुंबईत का आले, याचं उत्तर ऐकून आम्ही चकित झालो. वन्य प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'सायटिस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. परदेशांत, विशेषतः चीनमध्ये, रोझवूडची मागणी इतकी वाढली की जगभरची जंगलं लुटली जाऊ लागली. म्हणून 2016 साली जोहान्सबर्गच्या परिषदेत हे जवळजवळ सगळं कूळच यादीत घालण्यात आलं आणि 2 जानेवारी 2017 पासून नियम लागू झाला. हेतू चांगला होता. पण कालव्याकाठी लावलेला आमचा साधा शीशमही त्यात सापडला. प्रत्येक मालाला कागद, प्रमाणपत्र, लाकूड कुठून आणलं त्याचा पुरावा. मोठ्या निर्यातदारांनी कागद जमवले. ज्यांच्याकडे खोली, पटाशी आणि चार पोरं एवढंच होतं त्यांचं काम आधी बसलं. 2019 साली शीशम यादीतून काढावा म्हणून भारताने प्रयत्न केला, तो फसला. 2022 च्या पनामा परिषदेत थोडी सवलत मिळाली. नग दहा किलोच्या आतला असेल तर कितीही नग एकत्र पाठवा, परवाना नको. म्हणजे वाडगे, डबे, फोटोच्या चौकटी सुटल्या. जेवायचं टेबल दहा किलोत कसं बसवायचं? उस्ताद हसून म्हणाले, "पाये अलग, तख्ता अलग, दराज अलग भेजो... फिर वहाँ जोड़ेगा कौन?"

एवढ्या मोठ्या परिषदेत बसून ठरवणाऱ्यांच्या समोरही एखादं सुबक टेबल असेलच, असा एक चावट विचार तेव्हा मनात आला.

2020 च्या फेब्रुवारीत उस्तादांनी टेबल पूर्ण सोडवलं. खिळा एकही नव्हता. फळी तीन पाट जोडून केलेली, पण खालच्या चौकटीला ती घट्ट चिकटवलेली नव्हती. लाकडाच्या लहान-लहान घोड्या चौकटीच्या खाचेत अडकवून धरलेली होती. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबीत मात्र फारसं हलत नाही. फळी खिळ्यांनी जखडली तर ती आपल्याच जोराने चिरते. म्हणून तिला हलायला जागा ठेवायची. उस्ताद म्हणाले, "लकड़ी मरती नहीं, साँस लेती है." ही गोष्ट सगळेच सुतार सांगत असतील, पण आम्ही पहिल्यांदा ऐकली. सांध्यांत सरस होता, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून उकळून करतात तो. पुराच्या पाण्याने तोच विरघळला आणि पाय सुटले. मोडलं काहीच नव्हतं. फेव्हिकॉल 1959 साली आला आणि सुताराचं काम सोपं झालं, कारण सरस भिजवा, दुहेरी भांड्यात तापवा, गरम असतानाच लावा, ही कटकट गेली. पण फेव्हिकॉलचा सांधा तोडावाच लागतो. सरसाचा सांधा गरम पाण्याने सुटतो आणि पुन्हा जोडता येतो. जुन्या लोकांनी पुढे कुणीतरी दुरुस्ती करील, हे धरूनच काम केलेलं असतं.

प्रत्येक सांध्यावर पटाशीच्या बारीक खुणा होत्या. एक चीर, दोन चिरा, तीन, चार. ज्या खाचेला दोन चिरा तिच्या कुसालाही दोन. उस्ताद म्हणाले, बनवणाऱ्याला अक्षरओळख नसावी, असेल तर पेन्सिलने क, ख लिहितात. मग त्यांनी चारही पाय ओळीने आडवे ठेवले, खिडकीकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. शेवटी चौथ्या पायावर हात ठेवून म्हणाले, "ये किसी और का है."

आम्हाला चारही सारखेच दिसत होते. त्यांनी बोट धरून दाखवलं. तीन पायांच्या पन्हळींत पटाशीचे बारीक ओरखडे एका अंगाला झुकलेले, चौथ्याच्या उलट्या अंगाला. तीन पायांच्या पन्हळी खाली एका रेषेत थांबतात, चौथ्याच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पुढे-मागे. "कच्चा हाथ है. बच्चे का. और लेफ्टी है." मग त्या पायाची कूस त्यांनी बोटाने तपासली, आणि पुढचं स्वतःशी बोलल्यासारखं बोलले, "पर चूल देखो. चूल एकदम सच्ची काटी है."

आमच्यातला कुणीच बोलला नाही. अब्बा डावखुरे होते.

ते लिहायचे उजव्या हाताने, शाळेत छड्या खाऊन ते वळण लागलं होतं. बाकी सगळं डाव्याने. आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही लहान असताना पावसाळ्यात दार फुगून बसलं होतं. सुतार आला, रंधा मारू लागला, पण पातं बरोबर बसलं नव्हतं, लाकूड फाटत होतं. अब्बांनी त्याच्या हातातून रंधा घेतला, उलटा करून एक डोळा मिटून त्याच्या तळावरून नजर टाकली, पाचरीवर हलकी टिचकी दिली आणि डाव्या हाताने असा एक लांब पापुद्रा काढला की सुतार बघतच राहिला. आम्ही विचारलं, तेव्हा म्हणाले, "ट्रेनिंग कॉलेजात मूलोद्योग होता आम्हाला." ते आम्ही खरं मानलं. मूलोद्योग सगळ्याच मास्तरांना असायचा.

त्याच रात्री गावी फुफूला फोन लावला. अब्बांची धाकटी बहीण, आजरा तालुक्यातल्या गावी राहते. तिला टेबलाचं विचारलं. ती आधी म्हणाली, कुठलं टेबल? मग गप्प झाली. मग म्हणाली, "तुमना किन्ने बोल्या?"

तिने सांगितलं ते असं. आमचे दादा गावचे सुतार. आडनावही सुतारच. नांगर, कुळव, गाडीची चाकं, पाळणे, हिंदूंच्या घरचे देव्हारे, मोहरमच्या ताबुताची चौकट आणि मशिदीतला जनाजा, सगळं त्यांच्याच हातचं. सुगीला खळ्यावरून बलुतं मिळायचं. पण त्यांचा हात नांगराच्या पुढचा होता. तरुणपणी कोल्हापुरात एका मिस्त्रीकडे काही वर्षं राहून ते बारीक काम शिकून आले होते. 1954 च्या उन्हाळ्यात तालुक्याच्या एका वकिलाने शिसवाचा ओंडका देऊन टेबल करायला सांगितलं. अब्बा तेव्हा सोळा वर्षांचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केलेल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकत होते आणि सुट्टीत बापाच्या हाताखाली काम करायचे. तीन पाय झाले आणि दादांना हिवताप आला. मुदत जवळ आलेली. चौथा पाय अब्बांनी केला. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून केला.

टेबल बैलगाडीत घालून बापलेक वकिलाकडे गेले. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि तोच पाय पकडला. मजुरी द्यायला नकार दिला. ओंडक्याचे पैसे उलट मागितले. पोराने केलं का रे हे, असं चार अशिलांसमोर विचारलं. दादा म्हणाले, नाही, मीच केलं, ताप होता. टेबल परत गाडीत चढलं. ओंडक्याचे पैसे दादांनी पुढच्या दोन सुगींत फेडले. घरी आल्यावर ते अब्बांना एवढंच म्हणाले की, आता यावर पुस्तकं ठेव. रागाने म्हणाले की मायेने, हे फुफूला आजही सांगता येत नाही. "उसके बाद तेरे बाप ने पटाशी को हात नै लगाया," ती म्हणाली.

म्हणजे 'वकिलाच्या घरचं' हे खोटं नव्हतं. अब्बा खोटं बोलले नव्हते.

आडनावाचं मात्र आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही जन्मापासून शेख. नोकरीच्या कागदांत अब्बांनी शेख लावलं आणि पुढे तेच राहिलं. फुफू म्हणाली, अम्मीच्या माहेरचे सय्यद, त्यांनी सुताराला मुलगी दिली नसती. आपल्यात जात नाही हे आपण व्यासपीठावरून ठासून सांगतो, आणि ते मनापासूनच सांगतो. लग्नाच्या बैठकीत मात्र 'खानदान क्या है' हा पहिला प्रश्न असतो. पिंजारी, शिकलगार, तांबोळी, बागवान, सुतार, ही सगळी आपलीच माणसं, पण सोयरिकीत अंतर राखून. जकरिया पैगंबर सुतार होते, हे हदीसमध्ये आहे. मदिनेच्या मशिदीतला मिंबर झाऊच्या लाकडाचा, एका अन्सारी बाईच्या पदरी असलेल्या सुताराने तो केला, हेही आहे. ज्या खजुराच्या बुंध्याला टेकून पैगंबर आधी खुतबा देत, तो मिंबर आल्यावर रडला, ही गोष्ट मौलवीसाहेब इतकी रंगवून सांगायचे की आम्हाही रडायचो. त्या सुताराबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

अब्बांना दोष द्यायला मन धजत नाही. त्यांनी शेकडो पोरं शिकवली. त्यांतली कितीतरी बलुतेदारांची होती, आणि त्यांना ते अभ्यासाइतकंच हाताच्या कामाचं महत्त्व सांगायचे. पण दादा 1971 साली वारले, त्याआधी कोल्हापुरात आमच्या घरी आले की बाहेरच्या पडवीत बसायचे, आणि कुणी आलं तर अब्बा 'गावाकडचे आहेत' एवढंच म्हणायचे. हे आपाने सांगितलं, तिला पुसट आठवतं. दादा त्या टेबलाजवळ जाऊन कधी बसल्याचं तिला आठवत नाही. एकदा मात्र सगळे झोपल्यावर ते त्याच्या खाली बसून कंदिलाच्या उजेडात काहीतरी चाचपत होते, असंही ती म्हणते. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, स्वप्नही असेल.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. उस्तादांनी आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर, मग मे महिन्यात श्रमिक गाडीने गावी गेले. आम्ही त्यांना काही पैसे दिले, ते त्यांनी मजुरीची उचल म्हणून घेतले. टेबलाचे तुकडे पत्र्याच्या कारखान्यात कुलपाआड पडून राहिले. ते परत येतील याची खात्री त्या दिवसांत कोण देणार होतं? भाई, ज्याला टेबल विकायचं होतं, तोच दर पंधरवड्याला सहारनपूरला फोन करायचा. 'उस्ताद, तबियत कैसी है,' असं विचारायचा. टेबलाचं नाव काढायचा नाही.

डिसेंबरात उस्ताद आले. बरोबर नातू होता. सतरा-अठरा वर्षांचा, कानात मोबाइलची वायर. तो मोटारसायकलच्या शोरूममध्ये लागायच्या खटपटीत होता. उस्तादांनी वाकलेली फळी ओल्या कापडाने आणि वजनाने हळूहळू सरळ केली, त्यात तीन आठवडे गेले. सरसच वापरायचा, हा त्यांचा हट्ट. तो मिळवायला भाईने सगळी मुंबई पालथी घातली. शेवटी चपडा स्पिरीटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून, गोल-गोल हात फिरवत पॉलिश. एक थर, वाळू द्यायचं, दुसरा थर. किती थर झाले, आम्ही मोजायचं सोडून दिलं. नातू बाजूला बसून व्हिडिओ बघत होता. चौथ्या पायाची वेळ आली तेव्हा उस्तादांनी त्याला हाक मारली आणि उलटे ओरखडे दाखवले. पोराने वाकून पाहिलं, बोट फिरवलं, म्हणाला, "अपने जैसा." तोही डावखुरा होता.

भाईने विचारलं, हा पाय इतरांसारखा करता येईल का? बारीक काम आहे, तुम्हाला अवघड नाही. उस्ताद म्हणाले, करता येईल. अर्ध्या दिवसाचं काम. मग आमच्याकडे बघत थांबले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटी, जी विकायच्या बाजूने होती, तीच म्हणाली, "राहू दे."

मजुरी त्यांनी ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतली नाही, कमीही नाही. टाळेबंदीतली उचल त्यातून वळती केली. टेबलाखाली तुमचं नाव लिहा, असं आम्ही म्हटलं. ते हसले, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला पटाशीने एक बारीक चीर मारली.

टेबल आता आपाकडे आहे, मीरा रोडला. लिफ्टमध्ये मावलं नाही म्हणून चार मजले जिन्याने चढवावं लागलं. दोन हमाल आणि आम्ही दोघं भाऊ. तिच्या घरातही जागा नव्हतीच, सोफा काढून केली. तिची नात त्यावर ऑनलाइन वर्गाला बसायची, आता नुसता अभ्यास करते आणि पाण्याचा पेला खुशाल वर ठेवते. आपा ओरडते. लावताना हमालाने विचारलं होतं, कोणती बाजू भिंतीला? आपाने तो कोपरा दाराकडे ठेवला.

फुफूला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मोतीबिंदू वाढलेला, म्हणून तिच्या सुनेने मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि फोटो मोठा करून दाखवला. फुफू पलीकडून बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "सब पाये एकसरीखेच दिखते हैं रे. उसका कौनसा?"